जबड्यांतून पाहिलेलं ग्रहण

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात. त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरड्या पक्क्या करायच्या आणि घासून-पुसून कवळी परत धाडायची, असा हा धंदा. शेवटचं घासकाम माझ्याकडे असतं. त्यामुळे दाजींना मी जितकं जवळून पाहिलंय तितकं ताईनेही पाहिलं नसेल. ती निदान उठून स्वयंपाकघरात तरी जाऊ शकते. मी आपला दिवसभर त्यांच्या शेजारच्या स्टुलावर.

लोक म्हणतात, माणूस मनाने वाईट नाही. मीही तसं म्हणतो, फक्त मला म्हणायला जरा वेळ लागतो.

दाजींना अवकाशाचा नाद होता. नाद म्हणजे आवड आणि नाद म्हणजे आवाजही. दाजींच्या बाबतीत दुसरा अर्थ जास्त खरा.

सुरुवात कुठे झाली ते मला माहीत आहे, कारण मी तिथे होतो. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आम्ही दोघं कवळी पोचवायला गेलो होतो. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कसल्याशा यानाच्या उड्डाणाची बातमी चालली होती. डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि सहज बोलून गेले, की एवढं जड धूड वर जातं तरी कसं. दाजींनी त्याच सकाळी पेपरात ते वाचलं होतं. त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "अरे वा, तुमचा तर अभ्यास दिसतोय." झालं. दाजींना आयुष्यात कुणी अभ्यासू म्हटलं नव्हतं. शाळेत तर त्यांच्या बाबतीत हा शब्द निघायचं काही कारणच नव्हतं. परत येताना त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं. डॉक्टरांनी खालची कवळी मागितली होती आणि आम्ही वरची देऊन आलो होतो, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं.

त्या दिवसापासून आमच्या खोलीत मेण वितळवायच्या दिव्याबरोबर फोनही चालू राहू लागला. एका हातात चिमटा, चिमट्यात दात, आणि नजर फोनच्या पडद्यावर कुठल्या तरी ग्रहाभोवती फिरत असलेल्या यानाकडे. दाजी त्या यानाला 'आपलं यान' म्हणायचे, मग ते कोणत्याही देशाचं असो. "आपलं यान आज कक्षा बदलणार," असं ते अशा सुरात सांगायचे, की जणू रात्री त्यांना फोन करून परवानगी मागितली गेली आहे. यान भरकटलं, की दाजींचा चेहरा पडत नसे. उलट खुलत असे. "मला वाटलंच होतं. इंधनाचा हिशोब चुकला त्यांचा." ज्या माणसाने मेण किती लागेल याचा अंदाज एकदाही बरोबर केला नाही, तो त्या शास्त्रज्ञांच्या चुका काढत बसायचा.

मग त्यांनी फोनवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'अवकाशवेडे'. इमारतीतले झाडून सगळे त्यात होते, कारण जिन्यात समोर उभं राहून मागणाऱ्या माणसाला नंबर द्यायला नाही म्हणता येत नाही. सकाळी उठल्यावर दाजी त्यात बोलून ठेवायचे. लिहिण्यापेक्षा बोलणं त्यांना बरं वाटायचं, आणि बोलण्याआधी ते खोकायचे. तळमजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. त्या एकदा मला म्हणाल्या, की तुमच्या दाजींचा खोकला ऐकला की मी फोन उशीखाली ठेवते.

एवढं सगळं असून दाजी आकाशाकडे बघत नसत. हे मी रागाने म्हणत नाही, खरंच बघत नसत. दुर्बीण आणली होती. ती दिवाणखान्यात तीन पायांवर उभी होती आणि तिच्या तोंडावर ताईची अंघोळीची प्लास्टिकची टोपी घातलेली होती. आणली त्या आठवड्यात ते एकदा गच्चीवर घेऊन गेले. चंद्र सापडायला बराच वेळ लागला. सापडला तर तो थरथरत होता. दाजींनी दोनदा डोळा लावला आणि म्हणाले, "यापेक्षा फोनमध्ये स्वच्छ दिसतो." मग दवाने सर्दी होते म्हणून खाली आले. त्यानंतर पाहुणे आले, की दुर्बिणीची टोपी काढायची आणि पाहुणे गेले, की घालायची.

एकदा दुपारी ताई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. दाजी सावलीत उभे राहून फोनवर कुणाला तरी कृष्णविवर समजावून देत होते. ताईने वर बघितलं आणि विचारलं, की भरदिवसा चंद्र कसा काय दिसतोय. साधा प्रश्न. दाजींनी वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, "तो चंद्र नाही. चंद्राचं प्रतिबिंब आहे." ताईने चादर पिळली. जरा जास्तच पिळली.

मला विचाराल तर माझा या माणसावरचा विश्वास तिथे उडाला. अज्ञान मी समजू शकतो, ते माझ्याकडेही पोत्याने आहे. पण डोक्यावर खरा चंद्र असताना, बायको बोट दाखवत असताना, मान वर करायचा कंटाळा? आणि वर अकलेचे तारे तोडायचे?

असो. मग ग्रहण आलं.

सूर्यग्रहण होतं, खंडग्रास, दिवस कलायच्या सुमाराला. दाजी आधीपासूनच हवेत होते. ग्रुपवर जाहीर झालं, की इमारतीच्या गच्चीवर दाजींच्या मार्गदर्शनाखाली ग्रहण दाखवण्यात येईल, साधनांची सोय केलेली आहे. ताईने विचारलं, की साधनं म्हणजे काय. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे ग्रहण बघायचे पुठ्ठ्याचे चष्मे आले होते, ते आणू का, असंही म्हणाली. दाजी हसले. चष्मेवाले माल खपवायला भीती घालतात म्हणाले. खरं कारण मला ठाऊक होतं. चष्मेवाल्याचा चष्मा डोळ्यावर चढला, की बघणारा चष्मेवाल्याचा झाला. दाजींना तो स्वतःचा हवा होता.

त्यांनी कपाटातून जबड्यांच्या एक्स-रेंचा गठ्ठा काढला. अवघड केस असली, की पूर्वी डॉक्टर पेशंटच्या जबड्याची लांबलचक काळी फिल्म सोबत पाठवायचे. तशा कितीतरी साठल्या होत्या. दाजी सगळं काम बाजूला ठेवून बसले आणि त्यांनी त्या फिल्म कापल्या, दोन-दोन एकावर एक ठेवल्या, कडेने पांढरी पट्टी चिकटवली. पट्टी एवढी सरळ, कोपरे एवढे नेटके, की बघत राहावं. एवढी मेहनत त्यांनी एखाद्या कवळीवर घेतली असती, तर गावात निम्मी माणसं बोलताना शिटी वाजवत फिरली नसती.

ग्रहणाच्या संध्याकाळी गच्ची भरली. लोक ग्रहणासाठी आले होते असं मला वाटत नाही. बाकीचे चाललेत म्हणून प्रत्येक जण आला होता. दाजींनी एक पिंप पालथं घातलं आणि त्यावर चढून बोलायला सुरुवात केली. सूर्याचं वजन, सूर्याचं तापमान, सूर्य कधी विझणार. हातोहात फिल्म वाटल्या गेल्या. पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याच्या हातात जी आली, तिच्यात एक अक्कलदाढ आडवी पडलेली स्पष्ट दिसत होती, आणि तो सूर्याऐवजी तीच निरखत होता.

तेवढ्यात ताई वर आली. धापा टाकत होती. चष्मेवाल्याकडे जाऊन आली होती हे नंतर कळलं. ती थेट बाईंपाशी गेली आणि त्यांच्या हातातली फिल्म तिने काढून घेतली.

"कुणी हे डोळ्याला लावायचं नाही," ती म्हणाली.

दाजी पिंपावरून म्हणाले, "तुला यातलं काय कळतं?"

"मला काहीच कळत नाही. म्हणून विचारून आले. तो म्हणाला, डोळा जातो आणि जाताना दुखतसुद्धा नाही."

माझी बहीण चार माणसांत नवऱ्याला कधी उलटून बोललेली नाही. तिचा आवाज तेव्हाही चढलेला नव्हता. बाईंनी आजूबाजूला बघितलं आणि शाळेतल्यासारखा हात पुढे केला. "द्या रे सगळे." आणि सगळ्यांनी दिल्या. ताईने एकेकाकडून त्या फिल्म गोळा केल्या आणि पदराखाली धरून उभी राहिली.

आता बघायचं काय, असा प्रश्न होता. लोक जिन्याकडे वळले. जिन्यावर पत्र्याचं छप्पर आहे, जुनं, खिळे निघून गेलेलं. त्या भोकांतून ऊन आत येतं आणि जिन्याच्या भिंतीवर उन्हाचे गोल ठिपके पडतात. ते रोजच पडतात, कुणी कधी त्यांच्याकडे लक्ष दिलेलं नाही. शिंपी पहिल्या पायरीवर थबकला. म्हणाला, हे ठिपके आज असे का. भिंतीवरचा एकही ठिपका गोल राहिला नव्हता. प्रत्येक ठिपका एका बाजूने खाल्ला गेला होता. ग्रहण लागलेल्या सूर्याच्या, बीजेच्या चंद्रासारख्या कोरीच कोरी, अख्ख्या भिंतीभर. बघता बघता त्या बारीक होत होत्या. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि एकीवर बोट ठेवलं, तर कोर त्यांच्या नखावर आली. सगळी इमारत त्या अरुंद जिन्यात दाटीवाटीने उभी राहून भिंतीकडे बघत होती. मीही बघत होतो. ताई माझ्या शेजारी होती.

दाजी गच्चीवर एकटे राहिले होते. मी वळून बघितलं तेव्हा ते पिंपावरच होते. एक फिल्म त्यांच्या खिशात राहिली होती. ती दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरून त्यांनी मान वर केली होती. इतक्या वर्षांत मान वर केली ती अशी. मधूनच ते मोठ्याने विचारत होते, "बघा, होतंय का मला काही?" सगळ्यांच्या पाठी त्यांच्याकडे होत्या, आणि मला वाटतं, त्यांना सूर्यापेक्षा तेच जास्त जाळत होतं. ग्रहण सुटायला लागलं तरी त्यांनी फिल्म खाली घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर बसलो तर दाजी फोन बघत नव्हते. मी म्हटलं, बरं आहे, लाजले असतील. पण ते दातही नीट बघत नव्हते. दात हातात घ्यायचे, मान एकीकडे वळवायची आणि कडेने बघायचं. कोंबडी दाणा टिपायच्या आधी बघते ना, तसं. विचारलं तर म्हणाले, मान आखडलीय. मी मान चोळायचं तेल आणून दिलं. त्यांनी चोळूनही घेतलं. खोटं बोलायचं तर निदान तेल तरी नको म्हणावं.

असे बरेच दिवस गेले. त्या काळात ज्या कवळ्या गेल्या त्या परत यायला लागल्या. त्यांतली एक बाईंची होती. बाई डॉक्टरांकडे न जाता सरळ आमच्या खोलीत आल्या आणि तोंड उघडून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पुढच्या दातांतला एक बाकीच्यांच्या मागे सरकून तिरका बसला होता. त्या म्हणाल्या, की त्यांची नात म्हणते, आजी, तुझा एक दात लाजतोय.

दाजींनी कडेने बघितलं. म्हणाले, "तुमची हिरडी बसलीय, बाई."

"हिरडी कालपर्यंत उभी होती," बाई म्हणाल्या. मग त्यांनी दाजींकडे नीट निरखून बघितलं. वर्गात मुलांचे चेहरे वाचत आयुष्य गेलेली बाई ती. त्यांनी विचारलं, "तुम्हाला माझा चेहरा दिसतोय का?"

दाजी मेणातला दात बोटांनी चाचपत राहिले. आतल्या दारात ताई उभी होती.

त्याच दिवशी आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बराच वेळ आत उजेड टाकून बघितलं आणि विचारलं, की सूर्याकडे बघितलं होतं का. दाजी म्हणाले, निरीक्षण केलं होतं. कशातून, असं डॉक्टरांनी विचारलं. दाजी खिसे चाचपायला लागले. शेवटी ताई म्हणाली, "जबड्यातून." डॉक्टरांचं लिहिणं थांबलं.

दोन्ही डोळ्यांच्या आत, मधोमध भाजलं होतं. उजव्यात जास्त. जिथे नजर रोखावी तिथेच डाग, कडेचं सगळं शाबूत. काही भरून येईल, काही येणार नाही, औषध असं काही नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. दाजी बाहेरच्या बाकावर बसले. मी पाणी आणायला गेलो, तर ताई नळापाशी होती. तोंड धुवत होती आणि नळ बंद करत नव्हती. मला म्हणाली, "सगळ्यांच्या हातातून काढून घेतल्या रे. यांच्या खिशाकडे बघितलंच नाही."

तेव्हा मला दाजींचा जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. याने डोळे जाळून घ्यायचे आणि चुटपुट हिला लागायची.

मला वाटलं होतं, आता तरी तोंड बंद होईल. कसलं काय. आठवड्याभरात ग्रुपवर खोकला ऐकू आला. दाजींनी सांगितलं, की सूर्याच्या प्रत्यक्ष निरीक्षणात आपल्या दृष्टीला इजा झाली आहे, पण ज्ञानाच्या वाटेवर अशी किंमत मोजावीच लागते. फिल्मचा उल्लेख नाही. ताईचा नाही. पिंपाचाही नाही. खाली हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली. कुणीतरी ते एका छोट्या वर्तमानपत्राकडे पाठवलं. त्यांनी काळ्या चष्म्यातला फोटो छापला. फोटोत मागे दुर्बीण होती, टोपी काढून ठेवलेली. दाजींना मथळा वाचता येत नव्हता, म्हणून तो मला मोठ्याने वाचावा लागला. परत परत.

त्यावरून एका शाळेचं बोलावणं आलं. विज्ञानासाठी झिजलेला माणूस मुलांना बघायला मिळावा, असं तिथल्या हेडमास्तरांना वाटलं. दाजींना एकट्याने जाता येईना, म्हणून हाताला धरून मी गेलो. व्यासपीठावर त्यांना हार घातला. ते बोलले. खरं सांगायचं तर बरे बोलले. पाठ केलेलं होतं ते कुठे जाणार? शेवटी एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, की ग्रहण दिसायला कसं होतं. दाजींनी अंतरं सांगितली. मुलगी उभीच राहिली. म्हणाली, ते कळलं, पण दिसलं कसं?

दाजींनी चष्मा सारखा केला आणि सांगायला लागले. दिवसा अंधार झाला, तारे चमकले, सूर्याभोवती आगीचं कडं आलं, पक्षी गोंधळून घरट्याकडे परतले. खंडग्रास ग्रहण होतं. तारा एकही दिसलेला नव्हता. पक्षी पाण्याच्या टाकीवर बसून नेहमीसारखे भांडत होते. मी शेवटच्या रांगेत शिक्षकांच्या शेजारी बसलो होतो. मान खाली घालून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. टाळ्या पडल्या.

परत निघालो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. रस्त्यावर गर्दी होती. दाजींनी माझा कोपर धरला होता आणि हार दुसऱ्या हातात होता. चौक ओलांडल्यावर ते एकदम थांबले.

"त्या तारांच्या वर काहीतरी आहे," ते म्हणाले.

विजेच्या तारांच्या वर, इमारतींच्या फटीत, मावळतीकडे चांदणी होती. ठसठशीत. मी म्हटलं, चांदणी आहे.

त्यांनी चष्मा काढला. तोंड भलतीकडे, एका बंद दुकानाकडे वळवलं आणि तसेच उभे राहिले. मग सरळ वळले. मग परत दुकानाकडे. "सरळ बघितलं की जाते," ते म्हणाले. "बाजूला बघितलं की येते." माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. एक हातगाडीवाला ओरडला. दाजी हलले नाहीत. किती किलोमीटर, किती अंश, यातलं अवाक्षर त्यांनी काढलं नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "ही रोज असते?"

मी म्हटलं, "हल्ली असते. बरेच दिवस झाले."

"कुणी सांगितलं नाही," दाजी म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं. या माणसाने जगाला इतकी वर्षं आकाश सांगितलं आणि रोज डोक्यावर उगवणारी गोष्ट त्याला कुणी सांगितली नाही म्हणे. ती बघायला आधी डोळ्यांत भोक पाडून घ्यावं लागलं. पण मला हसू आलं नाही, एवढंच खरं. मी तिथे उभा राहिलो. ती चांदणी इमारतीमागे जाईपर्यंत उभा राहिलो, आणि त्यांनी माझा कोपर सोडला नाही.

माझ्या मनात त्या रात्रीपुरतं काहीतरी मऊ झालं होतं. सकाळी ते परत घट्ट झालं. चहा घेऊन कामाला आलो, तर दाजी फोन तोंडाशी धरून सांगत होते, की प्रदीर्घ अभ्यासानंतर आपण तारे पाहण्याची तिरप्या नजरेची एक नवी पद्धत शोधून काढली आहे, तिचं प्रात्यक्षिक लवकरच गच्चीवर होईल, साधनांची गरज नाही.

ताई साचे मांडत होती. मेणात दात बसवायचं काम आता तिच्याकडे आलं आहे. ती दातांच्या डॉक्टरांकडे बसून शिकली, आणि कवळ्या परत यायच्या कमी झाल्या आहेत. तिने हात पुसले, दाजींच्या हातातून फोन काढून घेतला, खणात टाकला आणि खण लावला. मग प्लास्टरचं रबरी भांडं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"कालवा," ती म्हणाली. "याला बघावं लागत नाही."

दाजी कालवायला लागले. बराच वेळ कालवत होते. मी भांडं घेतलं, तर आत गुठळ्याच गुठळ्या. ते मोरीत ओतून दिलं आणि त्यांची पाठ वळल्यावर दुसरं कालवून घेतलं.